काबूलची पोथी

आमच्याकडे येणाऱ्या मुली आता शिकलेल्या आहेत. माझ्या भाच्या, शेजारच्या सुना, कुणी ना कुणी दुपारची येऊन बसते आणि हळूच विचारते, "काकू, लढायांची पुस्तकं वाचायची तर कुठलं आधी घेऊ?" विचारून झालं की इकडेतिकडे बघते, कुणा पुरुषमाणसाने ऐकलं तर नाही ना म्हणून. मला त्या बघण्याचाच राग येतो. अगं, चोरी करायला निघाल्येस का? पुस्तकच वाचणार आहेस ना? मग मान वर करून विचार की!

बायकांनी लढाईचं वाचू नये म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना वाटतं, आमच्या काळजाला सोसणार नाही. घरात बाळंतपणं कोण निभावतं, तापाने फणफणलेल्या पोरांपाशी कोण बसतं, प्रेताला आंघोळ घालायला पाणी कोण तापवतं? तेवढं सगळं सोसतं आणि छापलेला कागद तेवढा सोसत नाही होय? काहीतरीच!

तर माझं ऐकशील तर ज्या पुस्तकात पहिल्याच पानावर तलवारी लखलखतात आणि रक्ताचे पाट वाहतात, ते तिथेच मिटून ठेव. लिहिणारा घरी लोडाला टेकून बसला होता, एवढंच त्यातून कळतं. साहेबलोकांच्या मोहिमांची भाषांतरं निघतात, तीही वाच, मी नको म्हणत नाही. मात्र त्यात साहेब पडला की पानभर त्याचे गुण गातात आणि आपले शिपाई पडले की नुसता आकडा देतात. त्या आकड्यापाशी जरा थांबत जा. बखरी तर वाचच. त्यांत थापा भरपूर असतात, पण बखरकार चिडला की खरं बोलून जातो. बखरीत 'बुणगे' म्हणून शब्द येतो. लष्करामागून चालणारे स्वैंपाकी, मोळीवाले, बायका, पोरं, हे सगळे बुणगे. त्यांच्यावर बखरकार असे करवादतात, जशी काही लढाई त्यांच्यापायीच गेली. बुणगे म्हणजे आपणच गं बायांनो! त्यांचं काय झालं ते जो लिहितो, तो लिहिणारा चांगला.

आणि बखरींच्याही आधी आठवणी वाच. जो स्वतः तिथे होता, ज्याची भीतीने गाळण उडाली आणि ज्याने ते लपवलं नाही, त्याच्या. शूरांची पुस्तकं मी आदराने वाचली आणि विसरून गेले. भ्यालेल्या एका माणसाचं पुस्तक मात्र आमच्या घरात पोथी होऊन बसलं. ती हकिकत सांगते, म्हणजे मी एवढी तावातावाने का बोलते ते कळेल.

माझे वडील ठाण्याला शाळेत मास्तर. मुलगा नाही म्हणून त्यांनी मलाच शिकवलं आणि मग कल्याणला देऊन टाकलं. सासरी माणसं मोजकीच. मामंजी मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, स्नानसंध्या, सोवळंओवळं कडक. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण ऐकण्याची भारी हौस. आमचे हे रोज आगगाडीने ठाण्याला कचेरीत जायचे, स्वभावाने गरीब, कुणी मोठ्याने बोललं की यांची बोबडी वळायची. आणि थोरले भावजी. ते बंदरावरच्या भाताच्या वखारीत कारकून होते. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, पुन्हा लग्न करायला ते तयार होईनात. एके दिवशी वखार सोडली आणि पलटणीच्या रसदखात्यात चिकटले. शिपायांना धान्य तोलून द्यायचं, बैलांना वैरण, तेच काम.

तेवढंही मामंजींनी चालवून घेतलं असतं. पण काबूलची लढाई लागली आणि भावजींच्या पलटणीला तिकडे जायचा हुकूम आला. जेवणाच्या पानावर भावजींनी सांगितलं. मामंजींनी हातातला घास खाली ठेवला.

"अटक ओलांडलीस तर या घरचा उंबरठा तुला नाही," म्हणाले आणि उठून गेले.

आपल्या ब्राह्मणांत अटकेची नदी ओलांडली की माणूस बाटला असं धरत. भावजी तरी गेले. वाकून नमस्कार केला तेव्हा मामंजींनी पाय मागे घेतले. त्या दिवसापासून घरात त्यांचा विषय बंद. सासूबाई कधी चुकून म्हणाल्या, "थोरल्याला ही भाजी आवडते," तर ओटीवरून खाकरणं ऐकू यायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाई ती वेगळ्याच कारणाने. याच ओटीवर संध्याकाळी चार म्हातारे जमत आणि मामंजी मिशांवरून हात फिरवत सांगत, आपले घोडे अटकेचं पाणी कसे प्यायले, झेंडे अटकेपार कसे लागले. सगळे "वा वा" म्हणत. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यांचे आजे-पणजे गेले तो पराक्रम, आणि पोटचा पोरगा तिथे जाऊन प्रामाणिकपणे धान्य तोलतो ते पाप! पण बोलते कुणाला? सून मी. दाराआड उभी राहून पदर चावायचा, झालं.

काही महिने गेले. भावजींची काहीच खबर नाही. एका दुपारी सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "काबूल म्हणजे कसं असतं गं? थंडी असते का तिथे? त्याच्याकडे एकच घोंगडी आहे."

मला काय ठाऊक? पण मी यांना सांगितलं, ठाण्याच्या वाचनालयातून काबूलच्या लढाईचं काही मिळालं तर आणा. संध्याकाळी हे नीतिपर गोष्टींचं एक चोपडं घेऊन आले. चिटणिसांनी म्हणे विचारलं, कोण वाचणार, आणि बाईमाणूस म्हटल्यावर हे हातात दिलं.

"नीतीची गरज चिटणिसांनाच दिसत्ये, त्यांना परत द्या," मी म्हटलं.

"अगं, असं कसं सांगू मी त्यांना?"

"तुम्हाला जमत नसेल तर उद्या मी येते तुमच्याबरोबर सांगायला."

यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी बरोबर पुस्तक आलं. चिटणिसांना काय सांगितलं ते यांनी मला कधीच कळू दिलं नाही.

शिळाछाप पुस्तक होतं, पुठ्ठा सुटलेला, कागद पिवळा. चाळीसेक वर्षांपूर्वी काबूलवर अशीच एक मोहीम गेली होती, त्यात रसदेवर असलेल्या एका आपल्याकडच्या कारकुनाने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी. म्हणजे भावजींचंच काम केलेला माणूस! पहिल्या पानावरच त्याने कबूल केलं होतं की आपण शूर नव्हतो, कर्ज फेडायला गेलो. मला तो माणूस तिथेच आवडला.

पुरुषांची जेवणं होऊन ओटीवर डुलक्या सुरू झाल्या की आम्ही माजघरात बसायचो. माजघर आमचं अंधारं, म्हणून समई लावायची. पुस्तकाची पानं हातात धरली की तुटायची, म्हणून ते चौरंगावर ठेवायचं. सासूबाई समोर वाती वळत बसायच्या. इथपर्यंत कुणाच्या मनात काही नव्हतं.

एका दुपारी उपाध्यांच्या काकू मागच्या दाराने आल्या. बघतात तो समई तेवत्ये, चौरंगावर जीर्ण पुस्तक, मी एका लयीत वाचत्ये आणि समोर सासूबाई हात जोडून डोळे टिपत बसल्यात. मी वाचत होते ते लष्कर बर्फाच्या डोंगरातून निघालं आणि वाटेत एकेक जण गळत गेला, तो भाग. काकूंना वाटलं, पुराणातलं कुणीतरी स्वर्गाला निघालंय. बिचाऱ्या गुपचूप देवघरात गेल्या, हळदकुंकू, अक्षता, तुळशीचं पान घेऊन आल्या आणि मी "अहो काकू, अहो" म्हणेपर्यंत पुस्तकाला वाहून, डोकं टेकून मोकळ्या झाल्या. साहेबाच्या तोफा कुठे नेल्या त्या ओळीवर हळदकुंकू!

"किती छान वाचत्येस गं," काकू म्हणाल्या. "संकल्प कुणी सोडलाय?"

मला हसू आवरेना. मी खरं काय ते सांगणार, तेवढ्यात सासूबाई उठल्या. ताम्हन-पळी आणली, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा संकल्प. माझा थोरला सुखरूप परत यावा म्हणून." आणि पाणी सोडलं.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतक्या महिन्यांत त्या घरात भावजींसाठी कुणी उघड काही मागितलं नव्हतं.

काकूंच्या तोंडी तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की यांच्या माजघरात पोथी बसलीय. आणि कसली पोथी तेही मामंजींना कळलं. असा आरडाओरडा मी त्या घरात ऐकला नव्हता. "म्लेंच्छांच्या लढाईला हळदकुंकू वाहता? ते बाड उद्याच्या उद्या परत गेलं पाहिजे!"

"संकल्प सोडलाय," सासूबाई एवढंच म्हणाल्या. "इकडूनच सांगणं असतं, आरंभलेली पोथी अर्धी टाकायची नाही म्हणून."

खरंच होतं ते. शेजारी कुणी पोथी मध्येच सोडली तर मामंजी त्यांच्याकडचा तीर्थप्रसाद घेत नसत. आता स्वतःच अडकले. तणतणत शास्त्रीबुवांकडे गेले. शास्त्रीबुवांनी बराच वेळ दाढी खाजवली म्हणे, आणि सांगितलं, ग्रंथ कुठला ते राहू द्या, देवासमोर पाणी सोडलंय ना, मग पुरं करावं लागेल.

मामंजी परत आले ते दुसरंच ठरवून. ज्ञातीतली मंडळी आधीपासून त्यांच्या मागे लागली होती. मुलगा बाटला आणि बाप गप्प, म्हणून पंक्तीला बोलावणं बंद करायची भाषा चालली होती. मामंजी माजघराच्या दारात उभे राहिले.

"करा पुरी तुमची पोथी. पोथी संपली की दुसऱ्या दिवशी घट."

सासूबाईंच्या हातातला कापूस खाली पडला. तुम्हा मुलींना घट माहीत नसेल. माणूस जिवंत असताना त्याला घराने मेला म्हणायची ती रीत. चारचौघांना बोलवायचं, दारात पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि मोलकरणीने तो लाथेने लवंडायचा. आजपासून याला या घरचं पाणी नाही. मग तो माणूस दारात येऊन उभा राहिला तरी त्याला आई नाही, बाप नाही.

"सावकाश वाच," सासूबाई मला म्हणाल्या.

मी वाचलं बाई सावकाश! एक पान वाचायचं आणि कालचं पान पुन्हा पहिल्यापासून. आळीतल्या बायका यायला लागल्या, कुणी फुलं आणी, कुणी तांदूळ. त्यांना आधी वाटलं होतं पुण्य लागेल, मग त्या कारकुनाच्या काळजीने यायला लागल्या. त्याचे पाय बर्फाने फुटले तेव्हा एकीने मला विचारलं, कोकमाचं तेल लावलं का गं त्याने? बैल एकेक करून कसे बसले ते वाचताना सगळ्या चुकचुकल्या. एकदा मी तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते, तर ओटीवरून आवाज आला, "हे काल झालंय!"

अगं बाई! म्हणजे मामंजी ऐकत होते. त्या दिवसापासून मी मुद्दाम आवाज चढवून वाचायला लागले.

असं करत करत आम्ही त्या पानापर्यंत आलो. लष्कर माघारी फिरलं होतं. खिंडीत दोन्ही बाजूंनी गोळ्या येत होत्या, ओढा खाली दिसत होता आणि जो पाण्याला जाई तो परत येत नसे. मी आदल्या दिवशी पुढचं वाचून ठेवलं होतं, म्हणून माझा आवाज अडला. उपाध्यांच्या काकू सासूबाईंकडे बघून मला म्हणाल्या, "राहू दे गं, हिला सोसवणार नाही."

सासूबाई एकदम कडाडल्या. "त्याने तिथे सोसायचं आणि मी इथे नुसतं ऐकायचंही नाही? वाच तू."

मी वाचलं. कारकून आणि त्याचा सोबती, दोघेही ब्राह्मण, तहानेने जीभ टाळ्याला चिकटलेली. अशात एक मुसलमान पखालवाला गोळ्यांतून सरपटत आला आणि त्याने चामड्याच्या पखालीचं तोंड दोघांपुढे धरलं. सोबत्याने मान फिरवली. कारकून प्यायला. त्याने लिहिलं होतं की पिताना तो रडत होता, आणि रडत रडत त्याने आणखी मागितलं.

"शिव शिव!" बायकांत कुजबुज झाली. एकीने कानांवर हात ठेवले.

सासूबाईंनी विचारलं, "जो प्यायला त्यानेच हे पुस्तक लिहिलंय ना?"

"हो."

"आणि जो प्यायला नाही तो?"

"तो तिथेच राहिला. संध्याकाळपर्यंत सुद्धा टिकला नाही."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्या देवघराकडे तोंड करून, ओटीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "माझा पोरगा प्यायलेला असू दे. पखालीतलं असो की कशातलंही असो, देवा, पोटभर प्यायलेला असू दे."

ओटीवरून खाकरणंही आलं नाही. मला त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण मी रडायला लागले आणि ते राहूनच गेलं.

किती लांबवलं तरी पुस्तकाला शेवट असतोच. समाप्तीला सासूबाईंनी पुरणाचा नैवेद्य केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञातीतले चौघे-पाच जण आले, शास्त्रीबुवा आले. मामंजी पंचा गुंडाळून बसले होते, रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. आमचे हे कोपऱ्यात खांबाला धरून उभे. दारात कोरा घट भरून ठेवला. आमच्या मोलकरणीला पुढे बोलावलं. ती घटापाशी आली आणि पाय उचलेना. "मी नाही बा," म्हणाली. "मोठ्या दादांना मी कडेवर खेळवलंय."

"अगं, आटप," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा माझा तोल गेला. गेला तो बरंच झालं. मी दाराबाहेर आले आणि सगळ्यांसमोर बोलले, "अटकेचं पाणी घोडे प्यायले त्याच्या गोष्टी मी याच ओटीवर ऐकल्यात. तेव्हा सगळ्यांनी वा वा केलं होतं. घोडा प्यायला तर पराक्रम आणि घरचा माणूस प्यायला तर लाथ मारायची?"

सून पुरुषांत येऊन बोलली! शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. एक जण ओरडला, "बाईला आत न्या!" हे खांबापाशी होते, ते हलले नाहीत. तेवढं धैर्य यांनी आयुष्यात पहिल्यांदा दाखवलं, न हलण्याचं.

या गलबल्यात सासूबाई केव्हा बाहेर आल्या ते कळलंच नाही. डोक्यावरून पदर घेतलेला. सरळ पायऱ्या उतरल्या, तो घट उचलून कमरेवर घेतला आणि आत चालू लागल्या.

"अहो, हे काय करता?" शास्त्रीबुवा म्हणाले. "आता दुसरा घट मागवावा लागेल."

सासूबाई उंबऱ्यात थांबल्या. "मागवा. तोही आत नेईन. माझा पोरगा येईल तो तहानलेला येईल. आणि त्याच्याबरोबर त्याला पाणी पाजणारा कुणी पखालवाला आला, तर त्यालाही लागेल."

सगळे मामंजींकडे बघायला लागले. मामंजी खाली बघत बसले होते. दुसरा घट आणा, असं ते म्हणाले नाहीत. मंडळी थोडा वेळ थांबली आणि एकेक करत गेली. पंक्तीची बोलावणी अर्थातच बंद झाली, ती कितीतरी वर्षं बंदच राहिली. आमचं काही अडलं नाही.

भावजी आले ते पुढच्या पावसाळ्यानंतर. भर दुपारी. दाढी वाढलेली, डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गेलेली. मामंजी ओटीवरच होते. भावजी पायरीवर चढलेच नाहीत, अंगणात उन्हात उभे राहिले. आवाज ऐकून सासूबाई धावत बाहेर आल्या, तशी भावजींनी हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"आई, जवळ येऊ नकोस. आधी ऐक," म्हणाले. "मी तिकडे काय काय केलंय ते तुला माहीत नाही. मी कुणाकुणाच्या हातचं पाणी..."

"माहीत्ये मला," सासूबाई म्हणाल्या. "सगळं वाचून घेतलंय मी. आत ये."